काही न करता गोठणारा पीसी: सेलेरॉन जे1900, पहिल्या पिढीचा रायझन आणि लिनक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचनालयात दोन पीसी आहेत. पहिला सेलेरॉन जे1900 चा, 4 जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट. ग्रंथनोंदी आणि वाचकांना इंटरनेट यासाठी. दुसरा रायझन 5 1600 चा, त्यावर डेबियन. जुन्या पुस्तकांचे स्कॅन साठवायला. पहिला दिवसातून एक-दोनदा जागच्या जागी गोठतो. माउस हलत नाही, घड्याळ थांबते, पॉवरचे बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. दुसरा दिवसभर न कुरकुरता काम करतो आणि रात्री रिकामा असताना मरतो. दोनदा फॉरमॅट मारून झाले, रॅम काढून पुसून लावली. पहिला पीसी विंडोजवर नीट चालायचा. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. काय करावे?

मदरबोर्ड बदलू नका, निदान इतक्यात तरी. दोन्ही पीसींची लक्षणे दोन जुन्या, नीट माहीत असलेल्या दुखण्यांशी जुळतात आणि दोन्हींवर इलाज फुकट आहे. पण इलाजाआधी एक गोष्ट पक्की करायला हवी: पीसी कामात असताना गोठतो की रिकामा असताना? फॉरमॅट मारून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, म्हणून तो सगळा वेळ वाया गेला.

आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

आधी गोठण्याचा प्रकार ओळखा. पीसी अडकला की लगेच बटणाकडे हात नेऊ नका, दोन मिनिटे द्या. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? दुसऱ्या पीसीवरून किंवा मोबाइलवरून याच्या आयपी पत्त्याला पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' असे विचारा. पिंगला उत्तर येते, एसएसएचने (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करून) आतही जाता येते, फक्त पडदा मेला आहे, असे असेल तर भानगड ग्राफिक्सची आहे, प्रोसेसरची नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून काळा पडदा आणि लॉगिन मिळते का तेही पाहा.

पिंग चालते पण एसएसएच आत घेत नाही, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला आहे? मग रॅम संपली आहे आणि पीसी स्वॅपमध्ये (रॅम म्हणून वापरलेल्या डिस्कच्या जागेत) घुसळतो आहे. 4 जीबीच्या पीसीवर फायरफॉक्सचे पंधरा टॅब उघडले की हे हमखास होते, आणि लोक त्यालाही 'हँग झाला' असेच म्हणतात. यावर झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून लहान करणारी सोय) बसवा आणि अर्लीऊम नावाची छोटी सेवा लावा, ती रॅम पूर्ण संपायच्या आत सर्वांत खादाड प्रोग्रॅम मारते. दिवा सलग पेटलेला आणि रॅम मात्र रिकामी, असे असेल तर स्मार्टसीटीएल -ए लावून डिस्क तपासा. रीअलोकेटेड सेक्टर वाढत असतील तर डिस्क चालली. यूडीएमए सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्क चांगली आहे, साटा केबल बदला.

कॅप्स लॉक मेलेला, पिंग बंद, डिस्कचा दिवा विझलेला, स्पीकरमधून आवाजाचा एकच तुकडा घरघरतो आहे किंवा पूर्ण शांतता: हे खरे गोठणे. इथून पुढे त्याबद्दलच.

पुढच्या गोठण्याआधी सिसआरक्यूची (कर्नेलला थेट हुकूम देणारी) कळ चालू करून ठेवा, कारण तिचे उत्तर हाच एक पुरावा असतो. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबली की कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवरचे लिखाण पुरे करतो, फाइल सिस्टम फक्त-वाचनावर आणतो आणि रीबूट करतो. मिंट आणि उबुंटूत या कळीची मूळ किंमत 176 असते. ती 128, 32 आणि 16 यांची बेरीज आहे, म्हणजे रीबूट, फक्त-वाचन आणि सिंक एवढ्यालाच परवानगी. प्रोग्रॅम मारणारी ई, आय आणि रॅम मोकळी करणारी एफ ही अक्षरे तिच्यात बसत नाहीत, त्यांना 64 लागतो. म्हणून इंटरनेटवर वाचलेली 'आर-ई-आय-एस-यू-बी' ही माळ अर्धवटच चालते आणि लोकांना वाटते कर्नेल मेला. /एटसी/सिसकंट्रोल.डी/ मध्ये .कॉन्फ शेवट असलेली एक फाइल करून तिच्यात

कर्नेल.सिसआरक्यू = 1

असे लिहा. सिसकंट्रोल हे टाइप करताना एस-वाय-एस-सी-टी-एल. एवढे करूनही गोठलेल्या पीसीवर ही कळ काहीच करत नसेल तर कर्नेलपर्यंत इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक) पोचतच नाही. तेव्हा दोष प्रोसेसरच्या झोपेत, वीजपुरवठ्यात किंवा रॅममध्ये शोधायचा.

आता लॉग, म्हणजे सिस्टमची नोंदवही. गोठल्यानंतर पीसी चालू करून

जर्नलसीटीएल -बी -1 -ई

चालवा, आधीच्या बूटच्या शेवटच्या ओळी दिसतात. तिथे 'सॉफ्ट लॉकअप' आणि 'स्टक फॉर 22 सेकंद' अशी ओळ दिसली तर नशीब चांगले: कर्नेल जिवंत होता आणि कोणत्या ड्रायव्हरमध्ये अडकला ते त्याने खाली लिहिलेले असते. 'हार्डवेअर एरर' किंवा 'मशीन चेक' दिसले तर हार्डवेअर खरोखर बोलते आहे. रासडीमन (हार्डवेअरच्या चुका नोंदणारी सेवा) बसवा म्हणजे पुढच्या वेळी तपशील मिळेल. पण खऱ्या गोठण्यात बहुधा काहीच सापडत नाही, आणि त्यालाही एक कारण आहे. जर्नल (हाच लॉग) डिस्कवर पक्के होण्याचा ठरलेला काळ 5 मिनिटांचा असतो. फक्त अतिगंभीर संदेश लगेच उतरवले जातात. म्हणजे मरणाआधीच्या ज्या ओळी हव्या असतात त्याच हरवू शकतात. /एटसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिंकइंटर्व्हलसेक=10एस करा; यात एस, आय आणि पुढचा एस मोठे. स्टोरेज=पर्सिस्टंट (पहिला एस मोठा) असल्याचीही खात्री करा.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे एक नाडी-नोंद. स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (खिडकी बंद झाली तरी आज्ञा चालू ठेवणारे प्रोग्रॅम) हे चालू ठेवा:

व्हाइल ट्रू; डू डेट; अपटाइम; सेन्सर्स; सिंक; स्लीप 10; डन >> नाडी.टेक्स्ट

दर 10 सेकंदांनी वेळ, लोड (कामाचा भार) आणि तापमान लिहिले जाईल. पीसी मेला की शेवटची नोंद पाहा. तीन-चार मरणांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र उघडे पडते. प्रत्येक वेळी लोड 0.05 च्या आसपास आणि तापमान 40 अंश? पीसी झोपेत मेला. लोड 4 आणि तापमान 95? कामात मेला. जे1900 ची कमाल मर्यादा 105 अंशांची आहे. पंखा नसलेल्या बंद कॅबिनेटमध्ये मे महिन्यात तो तिथपर्यंत जाऊ शकतो.

उलट बाजूनेही तपासा. स्ट्रेस-एनजी बसवून

स्ट्रेस-एनजी --सीपीयू 4 --टाइमआउट 60एम

असा तासभर पूर्ण भार द्या; 4 हा आकडा जे1900 साठी, रायझन 1600 साठी 12. तासभर टिकला आणि नंतर रिकामा ठेवल्यावर दुपारपर्यंत गोठला, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे करू नका: थर्मल पेस्ट, पंखा, कूलर यांना हात लावायची गरज नाही.

रॅम मात्र एकदा तपासाच, कारण रॅमचा दोष कोणत्याही रोगाचे सोंग घेतो. मेमटेस्ट86+ ची 6 किंवा त्यापुढची आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या, ती युईएफआयवरही (नव्या प्रकारच्या बायोसवरही) चालते. रात्रभर लावून किमान 4 फेऱ्या होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद. 'एकच चूक आहे, चालेल' असे काही नसते. जे1900 च्या बाबतीत आणखी एक पाहा: हा प्रोसेसर 1.35 व्होल्टची डीडीआर3एल रॅम मागतो आणि तीही 1333 च्या वेगाने. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी पट्टी घेताना साधी 1.5 व्होल्टची डीडीआर3 हाती पडणे सोपे आहे, खाच सारखीच असल्याने ती बसतेही. पट्टीवरच्या चिठ्ठीत पीसी3एल असे हवे. नुसते पीसी3 असेल तर ती याच्यासाठी नाही.

रॅम शुद्ध निघाली, नाडी-नोंद रिकामेपण दाखवते, आता मूळ रोगाकडे येऊ.

प्रोसेसर रिकामा झाला की नुसता बसून राहत नाही, झोपतो. झोपेच्या पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी1 ही डुलकी: कोअरचे घड्याळ थांबते, वीज तशीच असते. सी6 मध्ये कोअरमधली सगळी माहिती बाजूला साठवून त्याची वीजच तोडतात. जितकी झोप खोल तितकी जाग यायला उशीर. जे1900 ज्या बे ट्रेल कुळातला आहे त्याच्यासाठी कर्नेलच्या तक्त्यात सी1 मधून उठायला 1 मायक्रोसेकंद, सी6एन मधून 300, सी6एस मधून 500, सी7 मधून 1200 आणि सी7एस मधून 10,000 मायक्रोसेकंद असे आकडे आहेत. कोणत्या क्षणी किती खोल झोपायचे ते ऑपरेटिंग सिस्टम ठरवते, आणि विंडोज व लिनक्स हा निर्णय वेगवेगळ्या पद्धतीने घेतात. म्हणून एकाच हार्डवेअरवर एक चालते आणि दुसरे गोठते. यावरून लिनक्स वाईट ठरत नाही आणि हार्डवेअर निर्दोषही ठरत नाही.

बे ट्रेल 2013 मध्ये आला: टेबलावरच्या पीसींत जे1900, लॅपटॉपांत एन2840 आणि एन3540, टॅब्लेटमध्ये झेड3735एफ. लिनक्सवर हे सगळे आपोआप गोठतात अशी तक्रार कर्नेलच्या बगझिलात (दोषांच्या नोंदवहीत) डिसेंबर 2015 मध्ये 109051 या क्रमांकाने नोंदली गेली आणि पुढे वर्षानुवर्षे लांबत गेली. इतकी लांबण्याचे कारण, तिच्यात एकाहून जास्त दोष एकत्र मिसळले होते.

त्यातला एक इंटेलच्या स्वतःच्या दोषयादीत व्हीएलपी52 या नावाने आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या उपकरणाने इंटरप्ट दिला की कोअर त्याचे काम करतो आणि शेवटी 'झाले' अशी पोच देतो. ही पोच मिळाल्याशिवाय त्या पातळीचे किंवा त्याखालचे पुढचे इंटरप्ट आत सोडले जात नाहीत. आता कोअर इंटरप्टचे काम सुरू झाल्यावर, पण पोच देण्याआधी सी6 मध्ये गेला आणि भलत्याच कारणाने जागा झाला, तर पुढच्या वेळी दिलेली पोच गहाळ होऊ शकते. मग दार बंद ते बंदच. कीबोर्ड, नेटवर्क, डिस्क सगळे बाहेर दार ठोठावत राहतात. कॅप्स लॉकचा दिवा का लागत नाही आणि लॉगमध्ये एक ओळही का उमटत नाही, याचे उत्तर यातच आहे.

दुसरा दोष टॅब्लेटचा. त्यांत वीज सांभाळणाऱ्या चिपकडे जाणारी तार कर्नेल आणि प्रोसेसरच्या आतला पी-युनिट दोघेही वापरतात. दोघांनी एकाच वेळी धरली की टॅब्लेट गोठतो. त्यासाठी कर्नेलमध्ये कुलूप घालण्यात आले. तुमच्या टेबलावरच्या जे1900 ला हा दोष लागू नाही, त्यामुळे त्याविषयी वाचलेले उपाय सोडून द्या.

इलाज कायमचा लावण्याआधी रीबूट न करता तपासता येतो. डेबियनमध्ये लिनक्स-सीपीयूपॉवर, मिंटमध्ये लिनक्स-टूल्स-जेनेरिक हे पॅकेज घ्या आणि

सीपीयूपॉवर आयडल-इन्फो

चालवा. पोल, सी1, सी6एन, सी6एस, सी7, सी7एस अशी यादी दिसेल, क्रमांक 0 पासून. आता

सुडो सीपीयूपॉवर आयडल-सेट -डी 2
सुडो सीपीयूपॉवर आयडल-सेट -डी 3

म्हणजे दोन्ही सी6 बंद आणि दोन्ही सी7 चालू. इथला डी लहान लिपीतलाच हवा. मोठ्या डीचा अर्थ वेगळा आहे, तो दिलेल्या मायक्रोसेकंदांपासून पुढच्या सगळ्या पायऱ्या बंद करतो. पीसी बंद केला की हा बदल पुसला जातो, म्हणून प्रयोगाला निर्धास्त.

सी6 बंद करून सी7 चालू ठेवणे विचित्र वाटेल, पण बऱ्याच बे ट्रेल मशीनवर एवढ्याने भागते. सी7 वर पोचायला जास्त वेळ रिकामे असावे लागते, त्यामुळे कोअर उथळ-खोल येरझाऱ्या कमी घालतो. लॅपटॉपवर हाच मार्ग आधी वापरून पाहावा, बॅटरी वाचते. टेबलावरच्या पीसीला मात्र सरळ मोठा सोटा घ्या, सी1 च्या पुढे जाऊच देऊ नका. जे1900 चा उष्णता-आकडाच मुळात 10 वॉटचा आहे. न झोपल्याने जी वीज जास्त जाईल ती मॉनिटरच्या विजेपुढे नगण्य.

त्यासाठी बूटच्या वेळी ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मेन्यूत ई दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून

इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1

लिहा आणि एफ10 दाबा. हाही एका बूटपुरताच. टिकला तर /एटसी/डिफॉल्ट/ग्रब मधल्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या मोठ्या लिपीतल्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत तेच घाला आणि सुडो अपडेट-ग्रब करा. रीबूटनंतर कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये तो शब्द दिसतो का आणि

कॅट /सिस/मॉड्यूल/इंटेल_आयडल/पॅरामीटर्स/मॅक्स_सीस्टेट

मध्ये 1 येतो का, दोन्ही पाहा. दोन्ही पाहायला सांगतो कारण असे चुकीचे स्पेलिंग कर्नेल मुकाट्याने गिळतो. सीस्टेट हा जोडून एकच शब्द आहे. मध्ये रेघ घातली की पॅरामीटर बाद, तक्रारीचा चकारही नाही, आणि तुम्ही आठवडाभर 'उपाय लागू पडला नाही' असे समजत राहता.

दुसरी चूक त्याहून फसवी आहे. 1 ऐवजी 0 लिहिले की झोप पूर्ण बंद होईल असे वाटते. प्रत्यक्षात 0 ने इंटेल_आयडल हा ड्रायव्हर बंद पडतो आणि एसीपीआयचा ड्रायव्हर सूत्रे घेतो, तो बायोसने (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) सांगितलेल्या खोल झोपा पुन्हा वापरू लागतो. एसीपीआयला लगाम घालायचा तर प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=1 हा वेगळा शब्द आहे.

आता रायझन. लक्षण तेच, रिकामेपणात मरण, कारण निराळे. पहिल्या पिढीचे रायझन मार्च 2017 मध्ये बाजारात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्नेलच्या बगझिलात 196683 क्रमांकाची तक्रार उभी राहिली. इथे संशय दोन जागी जातो. एक, एएमडीच्या दोषयादीतला 1109: एमवेट या झोपेच्या सूचनेवर थ्रेड (कोअरवरची कामाची एक रांग) अडकून राहू शकतो. दुसरा संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसींत तो फार खरा असतो. सगळे कोअर एकदम खोल झोपले की 12 व्होल्टच्या तारेवरचा प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसची रचना इतक्या कमी भारासाठी नसते. भार संपला की त्याचे व्होल्टेज डगमगते, आणि प्रोसेसर जागा होताना त्याला हवा तो पुरवठा मिळत नाही. 2013 मध्ये इंटेलच्या हॅसवेलनेही हाच प्रश्न उभा केला होता. त्याच्या खोल झोपेत 12 व्होल्टवर 0.05 अँपिअर इतकाच भार उरत असे.

म्हणून मदरबोर्ड कंपन्यांनी बायोसमध्ये एक पर्याय दिला. अॅडव्हान्स्ड, एएमडी सीबीएस, झेन कॉमन ऑप्शन्स असे आत गेलात की 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' सापडतो. काही बोर्डांवर तो थोडा इकडेतिकडे असतो. त्याची किंमत 'ऑटो' वरून 'टिपिकल करंट आयडल' करा. रात्री मरणारा रायझन बहुतेक वेळा एवढ्याने बरा होतो. पर्याय दिसतच नसेल तर बायोस जुना आहे, आधी तो अपडेट करा, आणि ते करताना पीसी यूपीएसवर असू द्या.

बायोस अपडेट मिळत नसेल तर झेनस्टेट्स नावाची छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. आधी मॉडप्रोब एमएसआर (मॉडप्रोब म्हणजे कर्नेलमध्ये मॉड्यूल, म्हणजे जोड-तुकडा, भरणारी आज्ञा), मग तिला --सी6-डिसेबल द्यायचे. प्रत्येक बूटनंतर आणि सस्पेंडमधून उठल्यावर ते पुन्हा चालवावे लागते, म्हणून सिस्टमडीची सेवा करून ठेवावी. आयडल=नोएमवेट हा कर्नेल पॅरामीटर 1109 च्या संशयावर उपयोगी आहे. आरसीयू_नोसीबीज हे नावही तुम्हाला जागोजागी दिसेल. 1600 ला 12 थ्रेड असल्याने त्याची किंमत 0-11 होते. काहींना त्याने फरक पडला, पण ते झोपेच्या वेळा हलवल्यामुळे, मूळ कारणावर तो इलाज नाही. शेवटचा पर्याय म्हणूनच ठेवा.

रायझनची एक वेगळी तक्रार यात मिसळू नका. 2017 च्या सुरुवातीच्या काही चिप्सवर भरपूर समांतर कंपायलिंग करताना प्रोग्रॅम 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन कोसळत. ती भाराखालची खोड होती, एएमडीने ऑगस्ट 2017 मध्ये ती मान्य केली आणि चिप्स बदलून दिल्या. तुमचा पीसी भाराखाली ठणठणीत आहे, त्यामुळे तिकडे जायचे कारण नाही.

दोन्ही पीसींना मायक्रोकोडही ताजा हवा. हे प्रोसेसरच्या आतले दुरुस्तीपत्रक, कर्नेल प्रत्येक बूटला ते नव्याने भरतो. पॅकेजे इंटेल-मायक्रोकोड आणि एएमडी64-मायक्रोकोड. डेबियन 12 पासून ती नॉन-फ्री-फर्मवेअर या विभागात आहेत. जुन्या डेबियनवरून वर आलेल्या पीसीच्या सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजे कुठून घ्यायची त्या यादीत) हा विभाग राहून जातो आणि मायक्रोकोड जुनाच राहतो. ग्रेप मायक्रोकोड /प्रॉक/सीपीयूइन्फो करून आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहा. प्रोसेसरमधला दोष सॉफ्टवेअरने झाकणे ही काही कमअस्सल मलमपट्टी नव्हे. 1997 मध्ये पेंटियममधला एफ00एफ दोष उघड झाला, कोणताही साधा प्रोग्रॅम एका सूचनेने अख्खा प्रोसेसर गोठवू शकत होता, आणि लिनक्समध्ये काही दिवसांतच त्यावर बांध घातला गेला. आजही प्रत्येक कर्नेल बूट होताना प्रोसेसरचा नंबर वाचून असे डझनावारी बांध घालतो.

आता सर्वांत जास्त फसगत कुठे होते ते सांगतो. पीसी सरासरी दोन दिवसांतून एकदा गोठतो असे धरा. तुम्ही एक बदल केला आणि दोन दिवस काही झाले नाही. बरा झाला? गोठणे सर्वस्वी अनियमित असेल तर काहीच न बदलताही दोन दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे 37 टक्के आहे. सहा दिवस शांत गेले तर ती 5 टक्क्यांवर येते. म्हणून नियम ठेवा: नेहमीच्या अंतराच्या किमान तिप्पट वाट पाहायची, आणि त्या काळात दुसरे काहीही बदलायचे नाही. एका दिवशी मायक्रोकोड, बायोस, पॅरामीटर आणि नवा एसएमपीएस असे चार बदल केले आणि पीसी बरा झाला, तर पुढच्या वर्षी कर्नेल बदलल्यावर तो पुन्हा गोठेल तेव्हा तुमच्या हातात काहीच नसेल. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: तारीख, बदल, पुढचे मरण कधी.

बायोसमधला बदल केलात तर बोर्डावरचा सीआर2032 सेलही बदला. जुन्या पीसीत तो बहुधा मरणपंथाला असतो. 3 व्होल्टचा सेल उतरला की वीज गेल्यावर बायोस मूळ किमतींवर परततो, 'टिपिकल करंट आयडल' पुन्हा 'ऑटो' होते आणि महिन्याभराने तोच रोग 'परत' येतो. पीसी चालू करताना घड्याळ मागे गेलेले दिसले की हेच झाले असे समजा.

हे सगळे करून रायझन तरी गोठतच असेल तर मग एसएमपीएस बदलून पाहा. दुसऱ्या चालू पीसीतला तात्पुरता लावून, विकत घेण्याआधी. जे1900 सी1 वर ठेवूनही गोठत असेल तर बोर्डावरचे कपॅसिटर पाहा. माथा सपाट असायला हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग असलेला एकही दिसला तर दुकानदाराचे म्हणणे खरे आहे.

वाचनालयात रात्री कुणी नसते, म्हणून शेवटची एक सोय. बहुतेक बोर्डांवर हार्डवेअर वॉचडॉग असतो: ठरावीक वेळात कर्नेलने थाप दिली नाही तर तो स्वतःच रीसेट करतो. जे1900 साठी मॉड्यूल आयटीसीओ_डब्ल्यूडीटी, नावातली टी-सी-ओ ही तीन अक्षरे मोठी. रायझनसाठी एसपी5100_टीसीओ, सगळे लहान. उबुंटू आणि मिंटमध्ये ही मॉड्यूल काळ्या यादीत असल्याने आपोआप येत नाहीत, मॉडप्रोबने आणून डब्ल्यूडीसीटीएल चालवा आणि वॉचडॉग दिसतो का पाहा. दिसला तर /एटसी/सिस्टमडी/सिस्टम.कॉन्फ मध्ये रनटाइमवॉचडॉगसेक=30 करा, यात आर, डब्ल्यू आणि एस मोठे, आणि सिस्टमसीटीएल डीमन-रीएक्झेक चालवा. बूटला मॉडप्रोब आणि ही आज्ञा दोन्ही करणारी छोटी सेवा बसवली की झाले.

मात्र वॉचडॉग निदान पूर्ण झाल्यावरच लावा. तो लावला की गोठणे नजरेआड होते, सकाळी पीसी चालूच दिसतो. म्हणून त्यानंतर दर सोमवारी जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स चालवायची सवय ठेवा. तुम्ही स्वतः केलेल्या बूटांपेक्षा तिथे जास्त ओळी दिसल्या तर पीसी अजून गोठतो आहे, आणि प्रत्येक ओळीसमोर त्या बूटची पहिली व शेवटची वेळ दिलेली असते; ती नाडी-नोंदीशी जुळवून पाहा.